वस्तऱ्याने दाढी: हात हलका करायला शिका

वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला घेऊन मध्येच सोडून देणारे लोक बहुधा भीतीपोटी सोडत नाहीत. भीती पहिल्या काही दिवसांतच मोडते. पण तीन-चार पात्यांच्या रेझरने गाल जसे गुळगुळीत होतात तसे पहिल्याच आठवड्यात व्हावेत, अशी अपेक्षा असते आणि ती पुरी होत नाही. मग हात दाबला जातो. हात दाबला की कातडी सोलवटते, तुरटी झोंबते आणि वस्तरा कपाटात जाऊन पडतो. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: वस्तऱ्याच्या दाढीतले सुख हलक्या हातात आहे, आणि हलका हात शिकून येतो. तो शिकण्याचा एक क्रम आहे. त्या क्रमाने गेलात तर गुळगुळीत गाल मागाहून मिळतातच.

एके काळी युरोप-अमेरिकेत हे घरोघरचे काम होते. पॅरिसमध्ये सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या जाँ-जाक पेरे या कारागिराने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर अख्खे पुस्तक लिहिले. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात असा विचार मांडला आहे की, एखाद्या गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा स्वतःची दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवले तर त्याच्या सुखात जास्त भर पडेल. पैसे संपून जातात, चांगल्या हत्याराने काम केल्याचे सुख मात्र रोज मिळते, हे त्याचे कारण. पुढे १९०४ मध्ये किंग जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो रेझर सरकारकडूनच मिळाला आणि घराघरांतला वस्तरा हळूहळू मागे पडला.

आपल्याकडे वस्तरा राहिला तो नाभिकांच्या धोकटीत. त्यामुळे घरात वडिलांना किंवा आजोबांना वस्तऱ्याने दाढी करताना पाहिलेले लोक थोडेच. पण एक फायदाही आहे. ज्याचा हात वर्षानुवर्षे या कामावर बसला आहे असा माणूस आपल्या गल्लीतच दुकान मांडून असतो. शिकायला सुरुवात करण्याआधी दोन-तीनदा त्याच्याकडे दाढी करून घ्या आणि आरशात त्याचा वस्तऱ्याचा हात पाहण्याऐवजी दुसरा हात पाहा. प्रत्येक वेळी पाते टेकवण्याआधी तो बोटाने किंवा अंगठ्याने कातडी कुठे आणि कोणत्या बाजूला ताणतो, हे नीट लक्षात ठेवा. निम्मी विद्या त्या हातात आहे.

हत्यार कोणते घ्यावे

वस्तरे दोन प्रकारचे. एक अर्ध्या ब्लेडचा, जो आज जवळजवळ प्रत्येक सलूनमध्ये दिसतो. ब्लेडचे दोन तुकडे करायचे, एक आत सरकवायचा आणि काम झाले की टाकून द्यायचा. दुसरा अखंड पोलादी पात्याचा, ज्याला पट्ट्यावर परजावे लागते आणि कधीमधी दगडावर धार लावावी लागते.

अर्ध्या ब्लेडचा वस्तरा स्वस्त, त्याची निगा शून्य, आणि कोन व कातडी ताणणे शिकायला तो पुरेसा आहे. मात्र त्याचे पाते वजनाला हलके आणि धार फार तीक्ष्ण असते. हात थोडा चुकला तरी ते ओरखडते. अखंड पात्याचा वस्तरा वजनाने स्थिर बसतो आणि कातडीवर मऊ लागतो, पण तो खऱ्या अर्थाने धारदार असेल तरच. खर्च करण्याआधी हा प्रकार आपल्याला आवडतो का ते पाहायचे असेल तर पहिल्याने सुरुवात करा. मन पक्के असेल तर दुसरा घ्या.

अखंड वस्तरा घेताना पात्याची रुंदी ५/८ किंवा ६/८ इंच असावी. त्याहून अरुंद पाते नवख्या हातात डगमगते आणि फार रुंद पाते नाकाखाली फिरवता येत नाही. टोक गोल असावे. चौकोनी टोकाचा कोपरा शिकताना हमखास टोचतो. जर्मनीतले झोलिंगेन, इंग्लंडमधले शेफिल्ड आणि फ्रान्समधले तिएर ही वस्तऱ्यांची नावाजलेली गावे. झोलिंगेन हे नाव कोणत्या मालावर घालता येईल, यासाठी जर्मनीत कायदाच आहे. ऑनलाइन दिसणारे चकचकीत, अगदी स्वस्त वस्तरे टाळा. त्यातल्या पुष्कळांचे पोलाद धार धरतच नाही.

मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे, किंवा आजोळच्या एखाद्या ट्रंकेत, जुना वस्तरा हाती लागू शकतो. तो उजेडात धरून पाहा. पात्यावरचा करडा किंवा तपकिरी रंग चालतो. पण धारेच्या कडेलाच गंजाचे खड्डे असतील, पात्याला चीर असेल किंवा पाठ एका बाजूने जास्त झिजलेली असेल तर तो सोडून द्या. घेतलाच तर आधी जंतुनाशकाने स्वच्छ पुसा. उकळत्या पाण्यात टाकू नका. शिंगाची किंवा सेल्युलॉइडची मूठ त्याने बिघडते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानातून आलेल्या नव्या वस्तऱ्याला दाढीजोगी धार असेलच असे नाही. घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा की जाणत्या माणसाकडून दगडावर धार लावून मिळेल का. बोथट वस्तऱ्यावर शिकणारा माणूस दाबायलाच शिकतो, आणि ती खोड नंतर जाता जात नाही.

पट्टा: हात इथे तयार होतो

वस्तऱ्याबरोबर चामड्याचा पट्टा हवाच. चांगल्या पट्ट्याला एका बाजूला जाड कापड आणि दुसऱ्या बाजूला चामडे असते. पट्ट्यावर परजल्याने धारेची अतिसूक्ष्म कड सरळ आणि स्वच्छ होते. हे काम दर दाढीआधी करायचे.

पट्ट्याचे एक टोक हुकाला अडकवा, दुसरे ताणून धरा. पट्ट्याला झोळ पडला तर धार गोलसर होते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी पट्ट्यावर सपाट टेकलेली हवीत. पुढे नेताना पाठ पुढे आणि धार मागे. टोकाशी पोहोचल्यावर पाते पाठीवर कलंडवून वळवायचे. पाठ पट्ट्यावरून उचलायची नाही. धारेवरून वळवले तर पट्टा तरी कापतो किंवा धार तरी मोडते. कापडावर वीस-तीस फेऱ्या आणि चामड्यावर पन्नास पुरतात. वजन पात्याचे स्वतःचे असते तेवढेच; तुमच्याकडून काही घालायचे नाही.

वेग लवकर येत नाही आणि यायलाही नको. सुरुवातीचे दोन दिवस जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घेऊन मनगट वळवण्याचा सराव करा. पट्ट्यावर ज्याचा हात हलका झाला त्याचा गालावर आपोआप हलका होतो, म्हणून या कामाला दाढीची कटकटीची पूर्वतयारी समजू नका. खरी शिकवणी इथेच चालते.

केस मऊ करा

२०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी दाढीने पाते खराब का होते, हा त्यांचा प्रश्न. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली की टवका निघतो. अभ्यास नेहमीच्या रेझरच्या पात्यांवर झाला होता, पण त्यातून धडा आपणही घ्यावा: केस मऊ करा आणि कातडी ताणून त्याला वाकायला जागा देऊ नका.

केसाला पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तेवढा वेळ चेहऱ्यावर धरावा. मग दाढीचा साबण किंवा क्रीम ब्रशने घोळवा. डब्यातून दाबून काढलेला फोम इथे कामाचा नाही. त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. फेस दह्यासारखा दाट, चमकदार आणि निसरडा हवा. फेसात बुडबुडे दिसले तर ब्रश आणखी फिरवा. तो सुकून खपली धरू लागला तर पाण्याचे दोन थेंब घाला.

फेस लावण्याआधी एक छोटा अभ्यास करा. बोटांची टोके दाढीवरून चारी बाजूंना फिरवा. जिकडे खरखरत नाही तिकडे केसांचा कल आहे. गालावर तो बहुधा खाली असतो, पण मानेवर कुणाचा वर, कुणाचा आडवा, कुणाला तर भोवराच असतो. कागदावर चेहऱ्याचे साधे चित्र काढून बाण मांडून ठेवा. सलूनमध्ये ज्याला सुलटा हात आणि उलटा हात म्हणतात त्याचा सारा हिशेब या बाणांवर आहे.

धरणे, ताणणे, टेकवणे

वस्तरा उघडून मूठ वर वळवा. पात्याच्या मागच्या दांड्यावर वरून तीन बोटे, खालून अंगठा आणि शेवटच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. पकड इतकीच घट्ट की पाते फिरणार नाही.

कोन समजायला सोपी रीत अशी: पाते गालावर पूर्ण सपाट टेकवा, मग पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या दुप्पट उचला. साधारण ३० अंशांचा कोन होतो. पाते फार सपाट राहिले तर खुंट कापण्याऐवजी ओढले जातात. फार उभे झाले तर कातडी खरवडते.

आता मोकळ्या हाताने कातडी ताणा आणि दोन-तीन सेंटीमीटरचा छोटा हात मारा. पाते नेहमी धारेला काटकोनातच सरकले पाहिजे. कांदा चिरताना सुरी जशी लांबीच्या दिशेने ओढतो तशी हालचाल इथे कधीही, अगदी चुकूनही होता कामा नये. वस्तऱ्याच्या खोल जखमा बहुतेक वेळा अशाच होतात. म्हणून पाते टेकवताना आणि उचलतानाही ते आडवे घसरत नाही ना, याकडे लक्ष द्या.

आणि कान उघडे ठेवा. अखंड वस्तऱ्याचे पाते दोन्ही बाजूंनी पोकळ घासून पातळ केलेले असते, म्हणून खुंट कापताना त्याचा बारीक कुरकुर आवाज येतो. आवाज एकसारखा येत असेल तर कोन आणि धार दोन्ही बरोबर. आवाज बंद होऊन ओढ जाणवली तर थांबा. हा आवाज ओळखू येऊ लागला की दाढी आरशाइतकीच कानाने होऊ लागते, आणि या कामाची गोडी बहुतेकांना तिथूनच लागते.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात वस्तऱ्याने फक्त दोन्ही गाल करा, कल्ल्यापासून जबड्याच्या कडेपर्यंत, सुलट्या हाताने, एकदाच. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरका. डाव्या गालाला डावा हात वापरायचा की उजवाच चेहऱ्यासमोरून न्यायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. डावा हात शिकवणे सुरुवातीला अवघड वाटते, पण त्यामुळे समोर आरसा मोकळा राहतो आणि कोन दोन्हीकडे सारखा येतो. माझा सल्ला डावा हात शिकवण्याचाच आहे.

दुसऱ्या आठवड्यात जबड्याची कड आणि मान घ्या. जबड्याच्या हाडावर कधीही थेट हात मारू नका. कातडी वर गालाकडे ओढून घ्या म्हणजे कडेखालचा भाग सपाटीवर येतो. मानेवर बाणांचे चित्र पाहून दिशा ठरवा. कंठमण्यावर आवंढा गिळताना पाते दूर ठेवा आणि कातडी बाजूला सरकवून घ्या.

तिसऱ्या आठवड्यात हनुवटी आणि मिशीची जागा. चेहऱ्यावरचे सगळ्यात राठ केस इथे असतात, म्हणून या भागाला फेस आधी लावा आणि शेवटी करा. वरचा ओठ दातांवर ताणून घ्या, नाकाचे टोक बोटाने किंचित उचला, आणि सेंटीमीटरभराचेच हात मारा. हनुवटीसाठी खालचा ओठ आत ओढला की गोलाई सपाट होते.

चौथ्या आठवड्यात पुन्हा फेस लावून दुसरा, आडवा हात सुरू करा. उलट्या हाताची घाई नको. आडव्या हाताने कातडी लाल होत नसेल तरच त्याकडे वळा. ज्यांचे केस कुरळे आहेत किंवा ज्यांना मानेवर केस आत वळून पुळ्या येतात त्यांनी उलटा हात कायमचा टाळला तरी चालेल.

या महिन्यात चेहरा पूर्ण गुळगुळीत झाला की नाही, याची तपासणी करू नका. दाढीनंतर कातडी शांत आहे का, एवढेच पाहा. चेहऱ्यावर गार पाणी मारून ओली तुरटी फिरवा आणि कुठे झोंबते ते लक्षात ठेवा. झोंबलेली प्रत्येक जागा म्हणजे हात दाबलेली जागा. दुसऱ्या दिवशी तिथे एकच सुलटा हात मारा.

सुरक्षिततेचे नियम

घाई असेल त्या दिवशी वस्तरा उघडायचा नाही. पाते हाती असताना फोन घ्यायचा नाही, बोलायचे नाही, आणि न्हाणीघराचे दार बंद ठेवायचे. वस्तरा हातून सुटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या. पाते मोडले तर नवे मिळते. धार बोटाने चाचपून पाहू नका. पुळी, मस किंवा जखम असेल ती जागा सोडा. लहानशी चीर पडली तर गार पाण्याने धुऊन स्वच्छ कापड दाबून धरा आणि मग तुरटी लावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, रक्त लवकर थांबत नसेल किंवा मधुमेहामुळे जखमा भरायला वेळ लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वस्तरा दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका आणि घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही असा कुलपात ठेवा.

निगा आणि धार

फेस धुताना पाते नळावर किंवा बेसिनच्या कडेवर आपटू नका. धारेला तिथेच टवका जातो. काम झाल्यावर पाते पाठीकडून धारेकडे मऊ कापडाने पुसा, मुठीच्या आतली ओलही टिपा, आणि थोडा वेळ उघडाच सुकू द्या. मुंबईत, कोकणात, गोव्यात आणि एकूणच पावसाळ्यात कार्बन पोलाद एका रात्रीत डाग धरते. म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरवा आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर, कोरड्या जागी ठेवा. खोबरेल तेल नको. ते कालांतराने चिकट होते.

रोजच्या परजण्याने धार काही महिने टिकते. पट्ट्यावर परजूनही केस ओढले जाऊ लागले की दगडाची वेळ आली असे समजा. सुऱ्या-कात्र्यांना फिरत्या चाकावर धार लावणाऱ्याकडे वस्तरा देऊ नका. चाक स्वयंपाकघरातल्या सुरीला ठीक, पण त्याच्या उष्णतेने आणि घासाने वस्तऱ्याचे पातळ पाते कायमचे बिघडते. पहिली एक-दोन वेळ धार जाणत्या माणसाकडूनच लावून घ्या.

पुढे स्वतः शिकायचे असेल तर पाण्याचे दगड घ्या: मूळ कड घडवायला १००० ग्रिटचा, मग ४००० किंवा ५०००, आणि शेवटी ८००० किंवा १२०००. पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट ठेवायची. धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते, तो हाताने धरून ठेवावा लागत नाही. वस्तऱ्याची रचनाच तशी आहे. पट्ट्यावर पाठ पुढे असते, दगडावर धार पुढे. बेल्जियमच्या आर्देन भागात निघणारा पिवळसर कोटिक्यूल दगड शेवटच्या धारेसाठी फार जुन्या काळापासून वापरात आहे. त्याची धार कातडीला मऊ लागते असे जाणकार सांगतात.

सुख कधी येते

आठवड्यातून दोन-तीन दिवस, वेळ मोकळा असेल तेव्हाच वस्तरा घेतलात तरी पुष्कळ. रोजच्या धावपळीत सेफ्टी रेझर वापरण्यात काही कमीपणा नाही. पण ज्या दिवशी वस्तरा घ्याल त्या दिवशी अर्धा तास पूर्ण त्यालाच द्या. पट्टा, फेस, ताणणे, पाते, पुसणे या सगळ्यात हात गुंतलेला असतो आणि मनाला दुसरीकडे जायला वाव नसतो. ही एकाग्रता ओढूनताणून आणावी लागत नाही. धार हाती असली की ती येतेच. सुरुवातीला तिच्यात ताण असतो. हात बसत गेला की ताण ओसरतो आणि एकाग्रता उरते. वस्तऱ्याने दाढी करणारी माणसे ज्या सुखाबद्दल बोलतात ते हेच.

पुढे कितीही वर्षे हे काम केलेत तरी एक खूण मोलाची राहील. पाते गालावर असताना हात दाबावासा वाटला, की त्याच क्षणी थांबा आणि चार गोष्टी याच क्रमाने तपासा: फेस सुकला आहे का, कातडी ताणलेली आहे का, कोन बरोबर आहे का, आणि शेवटी धार उतरली आहे का. दोष या चारांपैकी एकात सापडतोच. तो दूर करा आणि पुन्हा हलक्या हाताने सुरू करा.